बिनपायऱ्यांची वाट

शहर वाढत वाढत डोंगरांपर्यंत आलं, त्यांच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकलं आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झालं. डोंगर मधेच राहून गेले. आज त्यांच्यावरून नऊ पायवाटा जातात. उद्यान खात्याने त्यांना क्रमांक दिलेत, दगडांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर रंगाच्या पट्ट्या ओढल्यात. सकाळी शहरातल्याच बसने यायचं, तासाभरात वर जायचं, पायाखाली पसरलेलं सगळं शहर बघायचं आणि खाली उतरून वेळेवर कामाला लागायचं, अशी माणसं तिथे पुष्कळ दिसतात. त्यांतल्या बहुतेकांना वाटतं की माणसं चालली की वाट आपोआप पडते. पडते खरी, पण एका पावसाळ्यात वाहूनही जाते. ती टिकवायला कुणीतरी लागतं.

चार ते सात क्रमांकाच्या वाटा अठ्ठावीस वर्षं एका बाईने टिकवल्या. चालायला येणारे तिला वाटबाई म्हणत. एकदा खात्यात नवा कारकून आला, त्याने हजेरीपत्रकात 'वाटपबाई' लिहिलं, आणि पुढे दोन महिने वरचे साहेब विचारत राहिले की ही बाई नेमकं कसलं वाटप करते. हा किस्सा ती स्वतःच सांगायची आणि सांगून व्हायच्या आधीच हसत सुटायची.

खरं तर खात्याने तिला घेतलं होतं रोपवाटिकेत पाणी घालायला. चौथ्या वाटेवरच्या माणसाचा पाय मोडला म्हणून मुकादमाने तिला आठवडाभरासाठी वर पाठवलं. चोवीस वर्षांची होती. आठवडा संपला, त्या माणसाचा पाय बरा झाला, पण त्याने वर येऊन वाट बघितली आणि मुकादमाला सांगितलं, मला रोपवाटिकेतच टाका, ही पोरगी माझ्यापेक्षा बरं करते. तिला पाणी कळायचं. उतारावर उभी राहून ती नुसती बघत राहायची, मग पहारीने एखादा धोंडा चार बोटं सरकवायची, आणि पुढच्या सरीला पाणी वाट सोडून बाजूच्या चरात शहाण्यासारखं वळायचं. नव्या माणसांना ती सांगायची, वर जाणाऱ्यांना वाट कुठून हवी ते नंतर बघू, खाली येणाऱ्या पाण्याला आधी विचारा.

चौथी वाट सगळ्यांत उभी. पायथ्याला बसचा शेवटचा थांबा, माथ्यावर सपाट खडक आणि मधे तीनशे बारा पायऱ्या. त्या थांब्यावरच तिला नवरा भेटला.

तो बसचा ड्रायव्हर. त्याची गाडी शेवटच्या थांब्यावर बारा मिनिटं उभी राहायची. तेवढ्यात तो खाली उतरून गाडीच्या सावलीत थर्मासमधला चहा प्यायचा. ही कधी फावडं, कधी रंगाचा डबा घेऊन वरून उतरायची. एक दिवस त्याने थर्मासचं झाकण पुढे केलं. तिने हात मातीचे आहेत म्हणून दाखवले. त्याने गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि तिच्या हातांवर पाणी घातलं. इतकंच. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे दोन पेले होते.

वर काय आहे, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, या की बघायला. तो म्हणाला, बघू पुढच्या खेपेला. बारा मिनिटांत वर जाऊन येणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघं हसले. ते 'पुढच्या खेपेला' पुढे त्यांच्या घरातला शब्दच होऊन बसलं. नळ गळतोय, पुढच्या खेपेला. भिंतींना रंग द्यायचाय, पुढच्या खेपेला.

लग्न झालं, मुलगी झाली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. तो सकाळी साडेपाचला निघायचा, ती सातला. तरी दिवसातून दोनदा, कधी तीनदा, बारा-बारा मिनिटं त्यांची भेट व्हायची, आणि ती म्हणायची की दिवसभर घरात असणारी नवरा-बायको सुद्धा एवढं बोलत नसतील. माथ्यावर काम असलं की ती दूरवरून त्याची गाडी बघायची. पुलावरून काडेपेटीएवढी गाडी निघायची, पाण्याच्या टाकीमागे दिसेनाशी व्हायची, मग लांबच्या वळणावर पुन्हा उगवायची. वळणावर दिसली की ही हत्यारं उचलायची आणि बरोबर वेळेला खाली. तिच्या मनात एकच होतं, ही गंमत त्याने एकदा वरून बघावी. स्वतःची गाडी स्वतःला कधी दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी ती आग्रह करायची. त्याची कधी कंबर धरलेली असायची, कधी मुलीचा अभ्यास घ्यायचा असायचा, कधी नुसतीच झोप यायची. तिला वाटायचं, माणूस आळशी आहे. आळशी पण चांगला आहे.

मुलगी मोठी झाली, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत लागली, लग्न करून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेली. आणि त्याच वर्षी ड्रायव्हरला धाप लागायला लागली.

आधी जिना चढताना. मग जिना उतरताना. मग बुटाचे बंद बांधताना. फुप्फुसं आतून आक्रसत चालली होती, आणि ती परत मोकळी व्हायची नाहीत हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याचं ड्रायव्हिंग थांबलं. डेपोत काही महिने खुर्चीवरचं काम दिलं, मग तेही झेपेना. तो घरी बसला. पंचावन्नावं वर्ष होतं.

डॉक्टर जाता जाता बोलून गेले होते, अगदीच बसून राहू नका, सपाटीवर, थोड्याशा चढावर जमेल तेवढं चाला. वाटबाईने एवढंच धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चौथ्या वाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिने पायऱ्यांकडे बघितलं, आणि तीनशे बारा हा आकडा तिला पहिल्यांदाच दिसला. ती डाव्या अंगाने झाडोऱ्यात शिरली. काठी, दोरी आणि पाण्याची अर्धी भरलेली बाटली एवढ्यावर तिने चार दिवस उतार मोजला. बाटली आडवी धरायची, पाणी किती कलतं ते बघायचं. पायऱ्या एकही नको. वीस पावलं चाललं तर एक पाऊल चढ, त्याहून जास्त नाही. अकरा वळणं घेतली तर जमत होतं. प्रत्येक वळणावर एक बाक.

तिने कागदावर काढून मुकादमाला दाखवलं. मुकादम आता म्हातारा झाला होता, पण अजून तोच होता. त्याने साहेबांपर्यंत नेलं. साहेबांना कल्पना आवडली, म्हातारी माणसं, लहान मुलांच्या ढकलगाड्या, सगळ्यांची सोय होईल म्हणाले. पण माणसं देता येणार नाहीत. नेमलेली कामं सांभाळून, आपला वेळ काढून कराल तर करा. वाटबाई घरी आली ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळतच. नवरा दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. तिने सगळं सांगितलं. अकरा वळणं, अकरा बाक, दम लागला की बसायचं, घाई कुणाला आहे. वर्षभरात तुम्ही माथ्यावर.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "एवढं सगळं माझ्यासाठी कशाला?"

"मग कुणासाठी?" ती म्हणाली, आणि हात धुऊन स्वयंपाकाला लागली.

दीड वर्षं लागली. चार वाजता नेमलेलं काम संपलं की ती नव्या वाटेवर जायची ती दिसेनासं होईपर्यंत. रविवारी सकाळपासून. उतार कापायचा, वरच्या अंगाला दगडांची भिंत रचायची, खालच्या अंगाला कड बांधायची, दर पाच-सहा पावलांवर पाण्याला आडवा चर द्यायचा. चालायला येणाऱ्यांपैकी दोघं-तिघं कधी हात लावायचे, पण दगड बसवायचं काम ती कुणाला करू द्यायची नाही. तिचे तळवे फुटले, भरले, पुन्हा फुटले. गुडघ्याला सूज आली. घरी आली की हातपाय धुऊन काहीतरी शिजवायची आणि जेवता जेवता तिला पेंग यायची.

सकाळी ती निघताना तो विचारायचा, "आज लवकर येशील?"

"चौथं वळण पुरं करून येते."

"बरं."

पुढे वळणाचा आकडा तेवढा बदलत गेला. विचारताना त्याने कधी आवाज चढवला नाही, आणि तिनेही कधी थांबून त्याच्याकडे नीट बघितलं नाही. बघायला हवं होतं, असं ती पुढे मुकादमाला म्हणाली. पण तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर फक्त तो वर उभा असलेला दिसायचा.

मुलगी दर रविवारी वडिलांकडे यायची. आई कधीच घरात नसायची. एकदोनदा तिने फोनवर सुनावलं, की बाबा दिवसभर एकटे असतात, निदान सुट्टीचा वार तरी घरी राहा. वाटबाईला राग आला. मी काय फिरायला जाते का, मी त्यांच्यासाठीच मरतेय ना, असं म्हणून तिने फोन ठेवला. मागून नवऱ्याचा आवाज तिला ऐकू आला होता. तो मुलीला म्हणत होता, करू दे गं तिला, हौस आहे तिची.

सातवं वळण झालं तेव्हा त्याला प्राणवायूची नळी लागली होती. आता आणखी थांबण्यात अर्थ नाही हे तिला दिसत होतं. डॉक्टर नको म्हणाले. मुलगी नको म्हणाली. तो म्हणाला, "जाऊ या. एवढं केलंयस तर."

डेपोतला टाइमकीपर त्याचा जुना दोस्त. त्याने ओळखीच्या माणसाची मोटार मिळवली आणि एका बुधवारी सकाळी दहा वाजता तिघं पायथ्याशी पोचली. प्राणवायूचं लहान नळकांडं टाइमकीपरने खांद्याला अडकवलं. वाटबाई नवऱ्याचा हात धरून चालायला लागली. वाट खरोखर सुरेख झाली होती. पाऊल पडतं तिथे माती घट्ट आणि कोरडी, दोन्ही अंगांना गवत, चढ आहे हे पायांना कळतसुद्धा नव्हतं. पहिल्या बाकावर तो पाच मिनिटं बसला. दुसऱ्यावर दहा. तिसऱ्या बाकाला पोचायला त्यांना पाऊण तास लागला.

तिसऱ्या वळणावर झाडं संपतात आणि एकदम खालचं सगळं उघडं होतं. पूल, पाण्याची टाकी, लांबचं वळण. वाटबाईने त्याला बाकावर बसवलं आणि बोट दाखवलं. नेमकी तेव्हाच एक गाडी पुलावरून निघाली होती. ती बघा, ती बघा, टाकीमागे जाईल आता. त्याने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. तो गाडीकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता.

"दिसली का?"

"दिसली," तो म्हणाला. "छान केलंयस."

तिला वाटलं दम लागलाय. तिने नळी नीट केली, पाणी दिलं. पुढे जायचं का, असं तिने विचारलं नाही, तेवढं तिला कळलं. त्याला धरून त्यांनी खाली आणलं. एकोणीस दिवसांनी इस्पितळात तो वारला.

त्या चढाचा आणि मरणाचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं. मुलीलाही सांगितलं. त्या दोघी इस्पितळाच्या लांबट बोळात एका बाकड्यावर बसल्या होत्या. मुलगी रडत नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "दीड वर्षं, आई. रोज ते दाराकडे बघत बसायचे. त्यांना डोंगर नको होता, तू हवी होतीस. ती वाट तू तुझ्यासाठी केलीस."

मुलीने कागदपत्रं पुरी केली, आईला घरी सोडलं, सगळं होईपर्यंत राबली, आणि मग यायची बंद झाली. फोनही नाही.

तीन आठवड्यांनी टाइमकीपर घरी आला. ड्रायव्हरचं डेपोतलं कपाट रिकामं करून त्याने एका पिशवीत सामान आणलं होतं. जुना कंगवा, गॉगल, मुलीचा शाळेतला फोटो आणि चार अर्जांच्या प्रती. वाटबाईने त्या वाचल्या. चार वेळा त्याला चांगला मार्ग देऊ केला होता, रुंद रस्त्यांचा, कमी खेपांचा, आणि चारही वेळा त्याने नको म्हणून लिहून दिलं होतं. कारणाच्या जागी प्रत्येक वेळी 'घरगुती'.

तिने टाइमकीपरकडे बघितलं. त्याला बोलायचं होतं आणि नव्हतंही. चहा अर्धा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, त्याला उंचीची भीती होती."

तिला आधी कळलंच नाही.

मग त्याने सांगितलं. डेपोच्या कार्यालयाला बाहेरून लोखंडी जिना आहे, एकाच मजल्याचा. ड्रायव्हर भिंतीला खांदा घासत चढायचा, कठड्याच्या बाजूला कधी बघायचा नाही. पुलावर गाडी चालवायचा, कारण तेव्हा हातात चाक असायचं. लहानपणी कधीतरी काहीतरी झालं होतं, काय ते त्याने सांगितलं नाही. सगळ्या दोस्तांना ठाऊक होतं. बायकोला सांगून टाक, असं टाइमकीपर त्याला वर्षानुवर्षं सांगत होता. लग्नाच्या आधी सांगायला त्याला लाज वाटली, आणि लग्न होऊन वर्षं गेल्यावर इतकी वर्षं का लपवलं याची लाज वाटली. नवी वाट सुरू झाली तेव्हा तर टाइमकीपर त्याच्याशी भांडलाच. तेव्हा तो काय म्हणाला ते टाइमकीपरला जसंच्या तसं आठवत होतं.

"म्हणाला, तिच्या तोंडावर इतका आनंद आहे, मी तो कसा काढून घेऊ? आणि म्हणाला, ती रोज वरून उतरून माझ्याकडे यायची, मला वर जायची गरजच काय होती."

टाइमकीपर गेला. पेले तसेच राहिले. वाटबाई दुपार कलेपर्यंत त्याच्या खुर्चीत बसून होती. तिसऱ्या बाकावरची ती पांढरी पेरं तिला आता कळली. भीतीने अर्धमेला झालेला माणूस श्वास पुरत नसताना तिच्या हाताला धरून तिथवर आला होता, आणि 'दिसली' असं खोटं बोलला होता. तिने त्याला न मागितलेलं सगळं दिलं होतं. त्याने रोज सकाळी एकच गोष्ट मागितली होती.

कुणालाही वाटलं असतं की ती पुन्हा त्या वाटेवर पाय ठेवणार नाही. पण ती दुसऱ्या सोमवारी कामावर गेली आणि चार वाजता आठव्या वळणावर कुदळ घेऊन उभी राहिली. मुकादम धापा टाकत वर आला आणि म्हणाला, राहू दे आता, मी माणसं मागून घेतो. ती म्हणाली, उतार उघडा टाकलाय, पाऊस आला तर सगळं खाली वाहून येईल. हे खरंही होतं. म्हातारा मुकादम दगड उचलून द्यायला लागला, आणि तिने पहिल्यांदाच दुसऱ्याला दगड बसवू दिला.

उरलेली चार वळणं पाच आठवड्यांत झाली. ज्याच्यासाठी वाट करायची तो नसताना वाट करणं म्हणजे काय, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मुकादम मात्र नंतर सांगायचा, की ती काम करताना एकसारखी पुटपुटत असायची, आणि एकदा त्याने कान देऊन ऐकलं तर ती म्हणत होती, येते, येते, एवढं झालं की येते.

वाट खुली झाली त्या दिवशी साहेब आले, फीत कापली, छायाचित्रं निघाली. ती गेली नाही. तिसऱ्या बाकाला ड्रायव्हरचं नाव द्यावं असं मुकादमाने सुचवलं होतं. तिने नको म्हणून सांगितलं. त्याला तिथे बसायला आवडलं नसतं, एवढंच कारण तिने दिलं. नकाशावर त्या वाटेचा क्रमांक 'चार अ' असा आहे.

लोकांनी ती वाट डोक्यावर घेतली. काही महिन्यांतच सगळ्या डोंगरांवर मिळून जेवढी माणसं येत त्यांतली निम्मी त्या एका वाटेवर दिसायला लागली. चाकाच्या खुर्चीतली माणसं वर जायला लागली. एक दिवस एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत तिच्यापाशी आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, हीच ती. ते म्हणाले, बाई, मी तीस वर्षांनी वर आलो, बायकोला बरोबर आणलं, तुमचे उपकार कसे फेडू. त्यांची बायको पाचव्या बाकावर बसून हात हलवत होती. वाटबाईने मान डोलावली, बरं झालं म्हणाली, आणि हत्यारांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. इस्पितळात ती रडली नव्हती, घरी रडली नव्हती. त्या दिवशी फावड्यांच्या आणि घमेल्यांच्या मधे जमिनीवर बसून ती अशी रडली की बाहेर उभ्या असलेल्या मुकादमाला दार ठोठावायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बदली मागितली. डोंगरांच्या उत्तर अंगाला आठ आणि नऊ क्रमांकाच्या वाटा आहेत, तिकडे.

मुलगी आली ती आठ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी. न कळवता आली, कारण कळवलं तर आई कामाचं निमित्त काढेल असं तिला वाटलं. आई घरातच होती. बदली झाल्यापासून ती रविवारी कुठेच जात नव्हती. दोघी दारातच उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले ते—"

"खरं होतं," आई म्हणाली. "खोटं असतं तर मी भांडले असते तुझ्याशी. आत ये."

मुलीचं रडू तेव्हा फुटलं. आईने तिला खुर्चीत बसवलं आणि टाइमकीपरने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. मुलीलाही उंचीचं ठाऊक नव्हतं. मग आई तिच्यासमोर स्टूल ओढून बसली, आणि शाळेतल्या मुलीने बाईंना विचारावं तसं अडखळत म्हणाली, "तू दर रविवारी यायचीस. ते काय करायचे? काय बोलायचे? मला काहीच माहीत नाही. तू सांग."

मुलीने सांगायला सुरुवात केली. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि तिला म्हणायचे, चल, तुला फिरवून आणतो. मग पहिल्या थांब्यापासून निघायचे. एक्केचाळीस थांबे होते, एकही चुकवायचे नाहीत. प्रत्येक थांब्यावर कोण चढायचं, कोण सुट्ट्यावरून भांडायचं, कोण रोज झोपून पुढे जायचं, सगळं सांगायचे. शेवटच्या थांब्याला आले की म्हणायचे, आता बारा मिनिटं गाडी हलणार नाही, आणि खरोखर तेवढा वेळ डोळे मिटून गप्प राहायचे. समोरच्या इमारतीतल्या एका माणसाशी त्यांचं वैर होतं, तो कपडे नीट पिळत नाही म्हणून. मुलीने एकदा त्यांचे केस कापले ते वाकडे झाले, तर आईला कळू नये म्हणून आठवडाभर टोपी घालून बसले.

आईला ती टोपी आठवली. "मी विचारलं होतं, थंडी वाजतेय का. हो म्हणाले."

एक गोष्ट मुलीने आधी गाळली, मग आईने खोदून विचारल्यावर सांगितली. एका रविवारी बाबांनी सूप केलं होतं, ओट्याजवळ खुर्ची ओढून, दर दोन मिनिटांनी दम खात. तिला दिलं नाही. आईसाठी आहे म्हणाले. संध्याकाळी तिने फोन केला तेव्हा विचारलं, आवडलं का आईला. तर म्हणाले, तिला यायला उशीर झाला, गार झालं होतं, ओतून टाकलं.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिचं तोंड ओलं होतं. ती पुन्हा स्टुलावर बसली आणि म्हणाली, पुढे.

त्यानंतर मुलगी दर रविवारी येऊ लागली. जेवण झालं की आई स्टूल ओढायची. मुलगी आठवून आठवून सांगायची. त्यांनी कुठला बुद्धिबळाचा डाव जिंकला, कुठल्या बातमीवर चिडले, झोपेत काय बडबडले. आपण ज्याच्याबरोबर सव्वीस वर्षं राहिलो त्या माणसाची शेवटची दीड वर्षं ती अशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होती, थोडी थोडी करून, आणि कुठे काही सुटलं तर मधेच थांबवून विचारत होती, तेव्हा ते कुठे बसले होते, हसले होते का, माझं नाव काढलं का.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. एका रविवारी मुलगी बराच वेळ आठवत राहिली आणि शेवटी तिने आईचा खरबरीत हात आपल्या हातात घेतला.

"आई, आता काही उरलं नाही गं. एवढंच होतं."

वाटबाईने मान हलवली. बाहेर कुणाच्या तरी घरातून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग पहिल्यापासून सांग."

मुलीने डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागली.